लोकसभेची प्रश्नोत्तरं, गृहखात्याचा कप्पा : 5 पैकी साडेतीन स्टार

मिसळीचे, मिक्सरचे, मोबाईलचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, आपल्या टॅक्सवर चालणाऱ्या या सर्व्हिसचा कोणी लिहीत नाही म्हणून हा प्रपंच. संसद डॉट इन वर खासदारांच्या प्रश्नांचा सर्च आहे, फुकट. खासदाराचं नाव टाका, मिनिस्ट्री निवडा, तारीख टाका, उत्तराची पीडीएफ समोर. मी जास्त करून गृहमंत्रालयाचीच वाचतो, पोलीस, बॉर्डर, नागरिकत्व वगैरे, कारण टीव्हीवर सगळ्यात जास्त आरडाओरडा यावरच होतो आणि आकडा मात्र कोणी सांगत नाही.

चालतं कसं ते थोडक्यात. लोकसभेत 11 ते 12 प्रश्नोत्तराचा तास, गृहखात्याचा वार मंगळवार. दिवसाला 20 तारांकित, म्हणजे मंत्री उभं राहून उत्तर देणार आणि वर उपप्रश्नही विचारता येणार, आणि 230 अतारांकित, त्यांची उत्तरं फक्त लेखी. कोणाचा प्रश्न लागणार ते लॉटरीवर. तारांकितमधल्याही थोड्याच प्रश्नांची तासाभरात पाळी येते त्यामुळे खरा माल अतारांकितमध्येच पडलेला असतो, तो कोणी उघडून बघत नाही एवढंच.

आता क्वालिटी. माझं स्पष्ट मत, किती विचारलं तर मस्त उत्तर मिळतं, का विचारलं की एका ओळीत गुंडाळतात. उदाहरण घ्या. आमच्या फॅमिली ग्रुपवर अर्धे लोक अमेरिकेत, दरवर्षी किती जण भारताचं नागरिकत्व सोडतात यावर तिथे कायम वाद, आणि हे सगळं उत्तरांत आधीच पडलंय. 2021 मध्ये 1,63,370 जणांनी सोडलं, त्यातल्या 78,284 जणांनी अमेरिकेचं घेतलं. 2022 मध्ये थेट 2,25,620. देशवार यादीसुद्धा मिळते. आणि कारण काय? जुलै 2022 चं उत्तर म्हणतं, वैयक्तिक कारणांमुळे. झालं, पुढचा प्रश्न!

पोलिसांचं अजून मजेशीर. 1 जानेवारी 2020 ला देशात मंजूर पदं 26,23,225 आणि प्रत्यक्षात पोलीस 20,91,488, म्हणजे सव्वापाच लाखांहून जास्त जागा रिकाम्या. मग केंद्र काय करणार म्हणून विचारलं की ठरलेलं वाक्य येतं, पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे घटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्यांचे विषय आहेत. चूक काहीच नाही त्यात, पण इतक्या उत्तरांची सुरुवात याच वाक्याने होते की मी आता पहिला परिच्छेद सोडूनच वाचतो. आपल्या भागात चौकी का नाही, स्टेशनला माणसं का कमी हे विचारायचं तर खासदार नाही, आमदाराला धरा, विधानसभेत तारांकित टाका नाहीतर लक्षवेधी लावा म्हणावं.

बॉर्डरवरची उत्तरं मात्र मला सगळ्यात आवडली. फेब्रुवारी 2025 च्या उत्तरात बांगलादेश सीमा 4,096.7 किमी, कुंपण झालेलं 3,232.218, राहिलेलं 864.482, त्यात 174.514 किमी असं आहे की तिथे कुंपण घालणं शक्यच नाही (तीन दशांश स्थळांपर्यंत, घ्या). आणि इथे चक्क कारणंही दिलीत, भूसंपादन, पलीकडच्या बीजीबीचे (बांगलादेशचं सीमा दल) आक्षेप, वर्षातून कामाला मिळणारे थोडेच महिने, दलदल, दरडी. म्हणजे सांगायचं असलं की कारण नीट सांगता येतं. आपल्याला सीमा म्हटलं की बेळगावच आठवतं, पण तो दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे आणि न्यायप्रविष्ट विषयावर माहिती मागायची नाही असा नियमच आहे, तिकडून फार अपेक्षा नको.

नियमांमध्ये अजून एक गोम आहे. प्रश्न साधारण 150 शब्दांत बसवायचा आणि सरकारचं मत मागायचं नाही, 'अमुक झालं तर काय कराल' असलं जर-तर पण चालत नाही. म्हणून खासदाराच्या ऑफिसात विषय घेऊन जाणार असाल तर भाषण लिहून नेऊ नका, वर्ष, राज्य, किती मंजूर, किती खर्च, किती प्रलंबित एवढंच लिहून द्या, असा प्रश्न टिकतो आणि उत्तरातून पळ काढणं पण अवघड जातं. आणि हो, तुमचा खासदार मंत्री असेल तर त्याचे प्रश्न शून्य दिसणार, मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उगाच त्यावरून मीम बनवू नका.

दीड स्टार कुठे गेला? एक त्या 'का' साठी. अर्धा भाषेसाठी, उत्तरं इंग्रजी नाहीतर हिंदीत, आणि ती सरकारी हिंदी वाचताना इंग्रजीच बरी वाटते. आमच्या वडिलांना मीच वाचून दाखवतो.