सात वर्षांचा छोटा हत्ती की बारा वर्षांची बोलेरो पिकअप?

गेल्या महिन्यात पुण्याजवळच्या फुरसुंगीचा एक ओळखीचा पोरगा घरी आला. हातातल्या पैशात त्याला दोन गाड्या मिळत होत्या. एक सात वर्षांचा टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, आणि दुसरी बारा वर्षांची महिंद्रा बोलेरो पिकअप. "काका, एक लहान आहे पण नवी वाटते, दुसरी मोठी आहे पण जुनी. टिकेल कुठली?" मी विचारलं, माल कोणता, किती आणि कुठून कुठे? सासवडहून भाजी आणि सीताफळं मार्केट यार्डात आणायची, जाताना खत नाहीतर किराणा न्यायचा. खेपेला किती? "हजार-बाराशे किलो तर होणारच."

अर्धा निकाल इथेच लागला. तरीही दोन्ही गाड्या शेजारी शेजारी ठेवून सांगतो, कारण हाच प्रश्न मला वर्षातून पाच-सहा जण विचारतात आणि बहुतेकांनी फक्त मॉडेलचं वर्ष आणि किलोमीटर पाहिलेले असतात.

छोटा हत्ती २००५ मध्ये आला. जुन्या डिझेल गाडीत ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, ताकद १६ हॉर्सपॉवर, आणि माल साधारण ७५० किलो. बोलेरो पिकअपचं इंजिन चार सिलिंडरचं, २,५२३ सीसीचं. मॉडेलप्रमाणे तिची क्षमता बदलते, पण १.३ टन, १.५ टन, १.७ टन असे प्रकार सर्रास दिसतात. म्हणजे बाराशे किलो हे पिकअपचं रोजचं काम आहे आणि छोट्या हत्तीच्या पाठीवर ते दीडपटीहून जास्त ओझं आहे. तो ओढतो, हे खरं. दिवे घाटात छातीपर्यंत कोबी भरलेले छोटे हत्ती सगळ्यांनीच पाहिलेत. पण ती खेप गाडी स्वतःच्या आयुष्यातून भरते, आणि जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाने किती आयुष्य खर्च केलंय तेच आपल्याला शोधायचं असतं.

याच्या उलट, बोहरी आळीत, रविवार पेठेत किंवा भवानी पेठेच्या आतल्या गल्ल्यांत दिवसाला दहा ठिकाणी माल टाकायचा असेल तर पिकअप नको. ती वळत नाही, उभी करायला जागा मिळत नाही, सारखं पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगून क्लच प्लेट जाते आणि डिझेलही जास्त खाते. पाचशे-सहाशे किलो माल आणि शहरातली फिरती असेल तर चांगला राखलेला छोटा हत्ती डोळे मिटून घ्यावा. त्याचं काम कुठलाही फिटर करतो, पार्ट सगळीकडे मिळतात, आणि इंजिन खोललंच तर दोनच सिलिंडरचा खर्च येतो.

कोण कुठे दगा देतं

छोट्या हत्तीचं इंजिन सीटखाली असतं. जास्त माल भरून घाट चढवला की ते तापतं, आणि वारंवार तापलं की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, जातं. हे तपासायला मोठं ज्ञान लागत नाही. गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा आणि पाण्यावर तेलाचा तवंग आहे का पाहा. मग ऑइलची काडी ओढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी आत शिरलंय, तिथून परत फिरा. दोन सिलिंडरमुळे गाडी मुळातच थरथरते, म्हणून इंजिन माउंटिंगचे रबर लवकर जातात आणि सायलेन्सरचे ब्रॅकेट तडकतात. ही कामं किरकोळ आहेत, त्यांच्यापायी गाडी सोडू नका, फक्त भाव पाडून घ्या.

पिकअपचं इंजिन त्या मानाने निवांत चालतं, कारण ते पूर्ण ताकदीला क्वचितच लागतं. तिचा खर्च दुसरीकडे निघतो. बारा वर्षांच्या गाडीत आधी बॉनेट उघडून पाहा, डिझेल फवारणारा पंप जुन्या पद्धतीचा मेकॅनिकल आहे की इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरची कॉमन रेल आहे. मेकॅनिकल असेल तर कुठलाही पंप-नोझलवाला ती दुरुस्त करून देतो. कॉमन रेलचे इंजेक्टर महाग असतात, चारही गेले तर स्वस्तात घेतलेली गाडी महागात पडते. टर्बोच्या पाइपात बोट फिरवा. थोडा ओलसरपणा चालतो, ऑइल हाताला भरपूर लागलं तर टर्बो खर्च काढणार. मग खालची बाजू. गिअर टाकून क्लच सोडताना 'टक्' असा आवाज आला तर मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस गेलेत, हे काम स्वस्त. चाळीस-पन्नासच्या वेगाला मागून घोंघावणारा आवाज येत असेल, ॲक्सिलरेटर सोडल्यावर तो बदलत असेल, तर डिफरन्शियल, म्हणजे मागच्या ॲक्सलमधला गिअरचा डबा, बोलतंय, आणि ते काम स्वस्त नाही.

मधला पर्याय म्हणून अशोक लेलँड दोस्तचं नाव निघतं. २०११ पासून बाजारात आहे, तीन सिलिंडर, १,४७८ सीसी, सव्वा टनाच्या आसपास माल. हिशेबाने पाहिलं तर बाराशे किलोच्या माणसाने तीही बघायला हरकत नाही, फक्त तिचं काम जाणणारा मिस्त्री आपल्या गावात आहे का ते आधी विचारा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) डिझेल गाड्यांमध्ये धूर गाळणारा फिल्टर असतो. गाडी सतत छोट्या फेऱ्याच मारत असेल तर त्यात काजळी साठते. अशी गाडी पाहताना डॅशबोर्डवरचे सगळे दिवे किल्ली फिरवल्यावर लागतात आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतात, एवढं नीट पाहा. सीएनजी असेल तर टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी लागते, तिचा दाखला मागा.

हौदा आणि पाटे बघा, मीटर नंतर

मीटर मागे घेता येतो, हौद्याचा, म्हणजे माल ठेवायच्या जागेचा, पत्रा मागे घेता येत नाही. मी गाडी पाहायला गेलो की आधी ताडपत्री काढायला सांगतो आणि हौद्यात चढतो. जमिनीच्या पत्र्याला वाटीसारखे खोल पोचे असतील तर गाडीने दगड, विटा, लोखंड वाहिलंय. बारीक ओरखडे आणि कोपऱ्यात साचलेली बारीक वाळू सापडली तर ती बांधकामावर होती, मालक कितीही म्हणो की भाजीची गाडी आहे. मासळी किंवा कोंबड्यांच्या गाडीत पत्र्याचे सांधे आतून सडलेले असतात, कारण खारं पाणी आणि घाण रोज तिथे मुरते. हे सांधे वरून रंगवलेले असतात, किल्लीच्या टोकाने हलकं दाबा, पत्रा पापडासारखा आत जातो. बेकरी, कुरिअर, कापड, फुलं वाहिलेल्या गाडीचा हौदा दहा वर्षांनीही सपाट राहतो. अशी गाडी मिळाली तर पाच-दहा हजार जास्त द्या.

मग मागच्या चाकाजवळ बसा आणि पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, मोजा. डाव्या-उजव्या बाजूला सारखेच हवेत. कंपनीच्या पाट्यांमध्ये एखादा वेगळ्या जाडीचा, वेगळ्या गंजाचा पाटा घातलेला दिसला तर या गाडीने क्षमतेपेक्षा जास्त माल नेमाने वाहिलाय. पाटा वाढवला म्हणून ॲक्सल, ब्रेक आणि चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) वाढत नाही. मला विचाराल तर जादा पाट्याची गाडी मी घेत नाही, भाव कितीही पडला तरी.

चॅसीचं मात्र मी स्वतः भोगलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी सोलापूर रोडला एका दलालाकडून एक मालवाहू गाडी घेतली. खालून सगळीकडे काळा रंग मारलेला, दिसायला नवी कोरी. सहा महिन्यांत गाडी एका बाजूला ओढायला लागली, टायर आतून झिजायला लागले. हडपसरच्या मिस्त्रीने गाडी उचलली, पाटा जिथे चॅसीला धरतो त्या ब्रॅकेटच्या मागचा रंग पान्याने खरवडला, आणि खाली बोटभर जाडीचं वेल्डिंग निघालं. ओबडधोबड, मुंग्यांच्या रांगेसारखं. चॅसी तिथे तुटली होती आणि जोडून रंगवली होती. तेव्हापासून खालून ताजा काळा रंग दिसला की मी टॉर्च घेऊन गाडीखाली झोपतो. ब्रॅकेटच्या मागे-पुढे, कॅबिन संपून हौदा सुरू होतो तिथे, आणि चॅसी नंबर कोरलेल्या जागी. नंबराभोवती घासल्याच्या खुणा असतील तर पुढचं काही बोलूच नका.

इंजिन थंड पाहिजे, ट्रायल घाटात पाहिजे

मालकाने आधीच चालू करून ठेवलेल्या गाडीची परीक्षा होत नाही. बॉनेटला, छोट्या हत्तीत सीटखाली, हात लावून बघा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड गाडी एक-दोन सेल्फमध्ये उचलली पाहिजे. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो, गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला तर रिंगा गेल्यात, ऑइल जळतंय. मग ऑइल भरायचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवा. झाकण हलकं थरथरत जागेवर बसलं तर ठीक. ते उडायला लागलं, खालून भकाभका धूर यायला लागला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळतोय, इंजिनचं काम निघालं.

ट्रायल सपाट रस्त्यावर रिकामी देतात. ती मान्य करू नका. पाचशे किलो तरी माल टाका, दहा पोती सिमेंट मागून घ्या आणि वर माणसं बसवू नका, आणि कात्रजचा जुना घाट किंवा बोपदेव घाट चढवा. तापमानाचा काटा कुठे थांबतो ते पाहा. चढावर इंजिनचे फेरे वाढतात पण गाडी पुढे जात नाही, असं झालं तर क्लच घसरतोय. उतरताना मात्र जास्त लक्ष द्या. सासवडहून पुण्याला येताना माल भरून दिवे घाट उतरायचा असतो, आणि कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर ब्रेक न लागून किती अपघात झालेत ते पुणेकरांना सांगायला नको. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर धरली जाते का, ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते का, खाली आल्यावर एकच चाक जास्त तापलंय का, हे पाहा. त्या पोराला मी पिकअप सुचवली त्याचं मोठं कारण हा उतार आहे. बाराशे किलो घेऊन तिचे ब्रेक आपल्या मापात काम करतात, छोट्या हत्तीचे करत नाहीत.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक असली तरी जुना टायर किमतीतून वजा करा.

कागदांत आरसीवरचं एकूण वजन आधी पाहा. मालासकट ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यामुळे छोटा हत्ती सुटतो. १.७ टनाची पिकअप ही मर्यादा ओलांडते. पासिंग (फिटनेस तपासणी) आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं, शिवाय महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर हरित कर आहे. सात वर्षांच्या छोट्या हत्तीला हे दोन्ही वर्षभरात लागणार, पिकअपला आधीपासून लागतंय, म्हणून तिच्या कराची पावती मागा. बँकेचं कर्ज असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा (एचपी) उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलन बाकी आहे का ते गाडी नंबरावरून तपासता येतं. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी, बसलीय का, तेही पाहा.

तो पोरगा आणि मी मागच्या आठवड्यात ती बारा वर्षांची पिकअप पाहून आलो. इंजिन छान, हौदा सपाट, पण उजव्या बाजूला एक पाटा जास्त. सोडली. उरुळी कांचनला दुसरी एक आहे, दुधाच्या कॅनची गाडी होती म्हणतात. रविवारी सकाळी सहाला जातोय. मालकाला फोन करून सांगितलंय, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.