आईचा फुलाफुलांचा सोफा ठेवूनच हॉल नवा केला : सोफावाल्या काकांच्या कामाचा अनुभव

आमचा सोफा १९९२ चा. थ्री प्लस वन प्लस वन, सागवानी फ्रेम, हातांवर थोडंसं कोरीव काम आणि क्रीम रंगावर मोठे मरून गुलाब, हिरवी पानं असलेलं जाड जकार्डचं, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवलेलं कापड. बाबांनी भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळच्या एका सुताराकडे लाकूड स्वतः निवडून करून घेतला होता. बाबा आता नाहीत. आई रोज सकाळी खिडकीकडच्या सिंगलवर बसून पेपर वाचते, त्यामुळे सोफा जाणार नाही हे घरात न बोलताच ठरलेलं होतं. पण हॉल मात्र खरंच जुना दिसायला लागला होता, गुलाबी डिस्टेंपर, भिंतभर तपकिरी सनमायकाचं शोकेस, पांढरीफेक ट्यूबलाईट आणि खिडकीला जांभळ्या फुलांचे पडदे, म्हणजे सोफ्यावर फुलं, पडद्यावर वेगळी फुलं, टीपॉयच्या कव्हरवर अजून तिसरी.

आधी एका इंटिरियर कंपनीला बोलावलं. त्यांच्याकडची एक मुलगी आली, मापं घेतली, चार दिवसांनी थ्रीडी चित्र पाठवलं आणि हॉलचं कोटेशन २ लाख ८५ हजार. चित्रात आमचा सोफा कुठेच नव्हता, त्या जागी राखाडी एल शेप. मी विचारलं तर म्हणाली, मॅम हा फारच इंग्लिश आजीच्या घरातला वाटतो. आई तिथेच बसलेली होती. काही न बोलता उठून आत गेली, आणि त्या दिवशी मी ठरवलं की या लोकांना काम द्यायचं नाही.

आणि इंग्लिश कसला? हे मला तेव्हापासून सांगायचंच होतं. फुलाफुलांच्या छापील कापडाला इंग्रजीत चिंट्झ म्हणतात तो शब्दच मुळात आपल्या छींटवरून गेलेला आहे, आपल्या आज्या ज्याला चीट म्हणायच्या, चिटाचा परकर, चिटाचं झबलं, तेच. हिंदुस्थानातून जाणारं हे छापील सुती कापड युरोपात इतकं खपायला लागलं की तिथले विणकर बिथरले आणि फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदीच घातली, इंग्लंडनेही आधी १७०० मध्ये आणि मग १७२१ मध्ये कायदे केले. आमचं कापड छापील नाही, विणलेलं आहे, ते खरं, पण बैठकीवर फुलं असणं ही काय कुणाची उसनी आवड नाही.

असो, मुद्द्यावर येते. रविवार पेठेत पडद्यांचं कापड बघायला गेले होते तिथल्या दुकानदाराने या काकांचा नंबर दिला. भवानी पेठेत छोटा गाळा आहे, स्वतः काका आणि दोन मुलं कामाला. नाव-नंबर इथे टाकत नाहीये कारण त्यांना न विचारता टाकणं बरोबर नाही.

काका घरी आले, आल्या आल्या बसलेच नाहीत. तळहाताने एकेक सीट दाबली, मग थ्री सीटर आम्हा दोघांना धरायला लावून उताणा केला आणि तळाचं काळं कापड एका बाजूने उसवलं. आत पट्टे लोंबत होते, काथ्याचा भुगा, आणि फोम पिवळा पडून बोटात चुरा होत होता. मग फ्रेमवर सगळीकडे बोटाने टकटक करून ऐकलं. वाळवी नाही, एक सांधा तेवढा ढिला आहे म्हणाले. मी त्यांना सरळ सांगितलं की कापड साधं बेज बदलून टाका, म्हणजे हॉल जरा मॉडर्न दिसेल. आई आत होती म्हणून हळू आवाजात बोलले. तर काका म्हणाले, "ताई, असलं कापड आता बघायला मिळत नाही. पुढच्या कडा आणि हात सोडले तर कुठे विरलेलं नाही. कशाला काढताय?" मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण नवीन कापड घातलं असतं तर बिल दुप्पट झालं असतं, त्यांचं स्वतःचं नुकसान करून त्यांनी हा सल्ला दिला.

मग विरलेल्या जागांचं काय? तर त्यांनी सोफा फिरवून मागची बाजू दाखवली. तीस-बत्तीस वर्षं भिंतीला लागून असलेली पाठ, साधारण सहा फूट लांब आणि दोन फूट उंच, अख्खं तेच कापड आणि जवळजवळ नवंकोरं. ते काढायचं, पुढच्या कडांना आणि हातांना लावायचं, आणि मागे जिथे कुणी बघत नाही तिथे साधं कापड ठोकायचं. हे मला कधीच सुचलं नसतं!

काम चालू असताना मी दोनदा गाळ्यावर जाऊन आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा काका जमिनीवर बसून जोड जुळवत होते. वर्तमानपत्राचा कागद सीटच्या कडेच्या मापाचा कापलेला, तो त्या मागच्या कापडावर ठेवून इकडे सरकव तिकडे सरकव, का तर सीटवर जिथे अर्धा गुलाब संपतो तिथून खाली कडेवर त्याचा उरलेला अर्धा यायला पाहिजे. एका सीटसाठी वीसएक मिनिटं हेच चाललं होतं, मग खडूने रेघ मारली, हाताने पुसली, परत मारली, आणि मगच कात्री लावली. आज तुम्ही आमच्या थ्री सीटरसमोर उभे राहिलात तर मधल्या सीटवर जोड कुठे आहे हे मला बोट ठेवून दाखवावं लागेल.

फोम बसायच्या जागी चाळीस डेन्सिटीचा चार इंची घातला, पाठीला हलका. हे आधी विचारून घ्या, कारण स्वस्तात काम करणारे बसायलाही हलकाच फोम घालतात आणि वर्षभरात खड्डा पडतो, आमच्या शेजारच्यांकडे तसंच झालं. निवारीचे पट्टे काढून इलॅस्टिकचे घातले, ढिला सांधा उघडून फेविकॉल आणि लाकडी खुंटी मारून बसवला. कापड काढून धुतलं नाही, आधी तळाच्या एका कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून रंग जातो का ते बघितलं आणि मग रिठ्याच्या पाण्याचा नुसता फेस स्पंजने लावून पुसून घेतला. लाकडाला चकचकीत काही नको असं मी सांगितलं होतं, त्यांनी जुनं काळपट पॉलिश घासून काढून चपड्याचं म्हणजे लाखेचं पॉलिश केलं, हाताने, कापडाच्या बोळ्याने. सागाच्या रेषा दिसायला लागल्या, इतकी वर्षं मला आमचा सोफा डार्क ब्राऊन आहे असंच वाटायचं.

आता रंगाचं सांगते, कारण खरी गंमत तिथे झाली. सीट उघडल्यावर आत दुमडलेला कापडाचा काठ निघाला, उजेड न लागलेला, आणि त्यातलं पान वरच्या पानांसारखं मातकट नव्हतं तर मस्त कोवळ्या कडुलिंबाच्या पाल्यासारखं हिरवं होतं. काकांनी त्यातला दोन बोटं रुंद तुकडा कापून माझ्या हातात दिला, म्हणाले भिंतीचा रंग यावरून घ्या. तोपर्यंत आमच्या पेंटरने (तो वेगळा, काकांचा नाही) माझ्याच सांगण्यावरून प्रायमर-पुट्टीनंतर एक कोट शुभ्र पांढरा मारून ठेवला होता. मला वाटलं होतं पांढरं म्हणजे मॉडर्न, काहीही चालेल त्यावर. पण सिंगल चेअर त्या भिंतीपुढे ठेवली तर तिचं क्रीम कापड मळल्यासारखं दिसायला लागलं! चेअर स्वच्छ होती, भिंत जास्त पांढरी होती. जुनं क्रीम फर्निचर असेल तर शुभ्र पांढरा घेऊच नका, पिवळसर झाक असलेला ऑफ व्हाईट घ्या, हे मी आता भेटेल त्याला सांगते. पेंटरला परत दोन कोट मारावे लागले, रंग आणि मजुरी धरून साडेसहा हजार जास्तीचे गेले.

तो कापडाचा तुकडा घेऊन पेंटच्या दुकानात गेले, शेडकार्डावर ठेवून तीन हिरवे निवडले, छोटे डबे मशीनवर बनवून घेतले आणि भिंतीवर नाही तर मोठ्या पुठ्ठ्यांवर मारले. ते पुठ्ठे दोन दिवस सोफ्यामागे उभे ठेवून सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर बघितले. जो दुकानात सगळ्यात छान वाटला होता तो रात्री चक्क हॉस्पिटलसारखा दिसत होता. शेवटी पानाच्या रंगापेक्षा दोन शेड फिका घेतला, तोही फक्त सोफ्यामागच्या भिंतीला, बाकी तीन भिंती ऑफ व्हाईट. आता गुलाब त्या हिरव्यावर असे उठून दिसतात की येणारे लोक विचारतात सोफा नवीन घेतला का.

दिवा पण बदलला आणि त्याचा फरक मला सगळ्यात अनपेक्षित होता. आधी ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब होती, त्यात मरून रंग रात्री अगदी चॉकलेटी दिसायचा. ३००० केल्विनचे वॉर्म लाईट लावले, सीआरआय (दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचे बघून घेतले, आणि पहिल्या रात्री आई म्हणाली की हा रंग तर आपण घेतला तेव्हाचा आहे. तिच्या पेपर वाचायच्या जागेजवळ एक वेगळा उभा दिवा ठेवला कारण नुसत्या वॉर्म लाईटमध्ये तिला वाचायला त्रास व्हायचा.

बाकी मग फार काही केलं नाही. फुलांचे पडदे गेले, रविवार पेठेतूनच साधं जाडसर सुती कापड घेतलं, फुलं नाहीत, नक्षी नाही, रुंदीला खिडकीच्या दुप्पट म्हणजे चुण्या भरगच्च पडतात, आणि रॉड छताच्या जवळ नेला त्यामुळे खोली उंच वाटते. शोकेसचा वरचा भाग काढून टाकला, खालची कपाटं ठेवली. मोझेकच्या लाद्या बदलायच्या नाहीत हे आधीच ठरवलं होतं, फक्त मशीनने घासून पॉलिश करून घेतल्या. कुशन कव्हर दोन मरून खणाची आणि दोन बारीक पट्ट्यांची, कारण मोठ्या फुलांशेजारी मोठं काहीच चालत नाही, बारीक चालतं. आईने क्रोशाने विणलेली सोफ्याच्या पाठीवरची पांढरी कव्हरं काढायची का यावर आमचं दोन दिवस बोलणं चाललं. ती गुलाब झाकत होती हे तिलाही पटलं, पण ती कव्हरं तिने माझ्या जन्माच्या वेळी विणलीत. आता त्यातलं एक फ्रेम करून हिरव्या भिंतीवर लावलंय.

काकांच्या कामातल्या तक्रारीही सांगते, कारण नुसतं कौतुक वाचून तुम्ही जाल आणि मग वैतागाल. आठ दिवस म्हणाले होते आणि एकोणीस लागले. फोन तर दुपारी एक ते पाच उचलतच नाहीत, मला दोनदा ऊन डोक्यावर घेऊन पेठेत जावं लागलं. या सगळ्या काळात आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत होती आणि तिच्या कमरेचा त्रास वाढला, याचा मला राग आला होता आणि मी तो त्यांना बोलून दाखवला. एका सिंगलची पायपिंग, म्हणजे कडेला शिवलेली गोट, बाकीच्यांपेक्षा फिकी आहे, ती परत करून द्यायला सांगितली तर हो म्हणाले पण अजून झालेली नाही. छापील बिल नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात. आणि पॉलिशच्या स्पिरिटचा वास घरात आल्यावरही तीन-चार दिवस होता, घरात दमेकरी असेल तर सोफा गाळ्यावरच नीट सुकू द्या.

पैसे झाले १९,५००. त्यात फोम, पट्टे आणि मागचं साधं कापड ९,२००, मजुरी ६,५०० आणि पॉलिश ३,८००. टेम्पो आमचा वेगळा. रंग, दिवे, पडदे, लाद्या सगळं धरून पूर्ण हॉल ८५ हजारांच्या आत बसला.

कुणाला द्यावं काम? तुमची फ्रेम सागाची किंवा शिसवीची असेल, वाजवल्यावर भरीव आवाज येत असेल आणि कापड फक्त कडांना विरलेलं असेल तर नक्की द्या. प्लायवूडची फ्रेम असेल तर काका स्वतःच सांगतात की खर्च करू नका, माझ्यासमोर त्यांनी एका बाईंना परत पाठवलं. ज्यांना सणाच्या आधी तारखेला हवंच आहे त्यांनी मात्र दोन महिने हाताशी ठेवून जावं.

आता जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या त्यांच्याकडे द्यायच्या आहेत. मागच्या पाठीचं कापड अजून थोडं उरलंय, काकांनी ते गुंडाळी करून परत दिलं होतं, मोजलं तर दोन खुर्च्यांच्या सीटा त्यात बसतात. उरलेल्या दोन आईच्या म्हणण्याप्रमाणे साध्या हिरव्या करणार आहोत.