एकच संध्याकाळ हातात आहे: ‘गॅरेज’ बघायचा की ‘द क्वाएट गर्ल’?

‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’ हा आयर्लंडमध्ये घडणारा सिनेमा पाहिलेल्यांना त्यातला पबवाला जॉनजो आठवत असेल. ती भूमिका करणारा पॅट शॉर्ट आयर्लंडमध्ये विनोदी नट म्हणून ओळखला जातो. १९९० च्या दशकात जॉन केनीबरोबरच्या त्याच्या जोडीने तिथली नाट्यगृहं भरभरून हसवली. (‘बॅन्शीज’मधल्या त्याच पबमध्ये केनीही गिऱ्हाईक म्हणून बसलेला दिसतो.) याच माणसाने २००७ साली ‘गॅरेज’ नावाच्या सिनेमात जे करून ठेवलंय, त्याच्या तोडीचं काम मी आयरिश पडद्यावर फार थोडं पाहिलंय. पण आयरिश सिनेमाचा विषय निघाला, की आपल्याकडे नाव येतं ते ‘द क्वाएट गर्ल’चं. तो सिनेमा सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही. ‘गॅरेज’चं नाव मात्र कुणी काढत नाही आणि मला ते फार खटकतं. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून सांगते.

‘द क्वाएट गर्ल’ २०२२ चा. दिग्दर्शक कॉल्म बरेडचा हा पहिलाच कथापट, क्लेअर कीगनच्या ‘फॉस्टर’ या दीर्घकथेवर बेतलेला. साल १९८१. घरात पोरांचा गोतावळा, आई पुन्हा गरोदर, बाप कशातच लक्ष न घालणारा. त्यांची नऊ वर्षांची अबोल मुलगी कॉइत उन्हाळ्यापुरती आईच्या नात्यातल्या एका जोडप्याकडे पाठवली जाते. आयलीन आणि शॉन हे ते जोडपं. शेत आहे, गुरं आहेत, घर नीटनेटकं आहे, आणि त्या घरात एक दुःख आहे ज्याबद्दल कुणी बोलत नाही. सुट्टीत नातलगांकडे राहून आलेल्या आपल्या पिढीला ही परिस्थिती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. परक्या घरातला पहिल्या रात्रीचा अंधार आपल्यालाही माहीत आहे.

‘गॅरेज’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाडी दुरुस्तीचं दुकान येतं. इथे मात्र तो गावाबाहेरचा एक जुना पेट्रोल पंप आहे. जोसी (पॅट शॉर्ट) तिथे वर्षानुवर्षं काम करतो आणि तिथेच मागच्या खोलीत राहतो. बुद्धीने जरा मंद, मनाने निर्मळ. पंपाचा मालक त्याचा शाळेतला सोबती. त्याला पंप चालवण्यात रस उरलेला नाही, जागा बिल्डरच्या घशात कधी जाते याची तो वाट बघतोय. २००७ मध्ये आयर्लंडमध्ये जमिनींचे भाव चढलेले होते आणि पुढच्याच वर्षी तो फुगा फुटला. सिनेमा यावर भाषण देत नाही. पण ज्या गावात प्रत्येक वस्तूची किंमत ठरत चालली आहे तिथे जोसीसारख्या माणसाचं काय होणार, हे तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांतच टोचायला लागतं.

आता अभिनय. माझ्या लेखी निवड इथेच व्हायला हवी.

‘द क्वाएट गर्ल’मध्ये कॅथरीन क्लिंचचं हे पहिलंच काम. मुलीला संवाद अगदी थोडे आहेत, सिनेमा चालतो तो तिच्या बघण्यावर. पण माझी नजर दर वेळी अँड्र्यू बेनेटच्या शॉनकडे जाते. सुरुवातीला तो मुलीकडे धड बघतही नाही. एकदा ती नजरेआड होते, हा घाबरतो आणि सापडल्यावर तिच्यावर जोरात ओरडतो. त्यानंतर स्वयंपाकघरातून जाता जाता तो टेबलावर तिच्यापुढे एक क्रीमचं बिस्किट ठेवतो आणि न थांबता बाहेर पडतो. शब्द एकही नाही. बेनेट ते इतक्या सहज करतो, की कॅमेऱ्याने पाहिलं हे आपलं नशीब असं वाटतं. माफी, जवळीक, शरम, सगळं त्या एका बिस्किटात आहे. आयलीन झालेली कॅरी क्राउली मुलीचे केस विंचरताना मोजत जाते, तेव्हा तिच्या आवाजात जो सांभाळून धरलेला हुंदका आहे, त्याचं कारण आपल्याला बरंच उशिरा कळतं.

पॅट शॉर्टचं काम याहून अवघड आहे. मंदबुद्धी माणसाची भूमिका हा नटांसाठी मोठा सापळा असतो. मान हलवायची, जीभ जड करायची, प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणायचं. त्यातून विनोदी नट म्हटल्यावर हशा वसूल करायचा मोह होणारच. शॉर्ट यातलं काहीच करत नाही. डोक्यावर टोपी आणि थोडी अवघडलेली चाल. समोरचा जे बोलेल त्याचीच शेवटची दोनतीन अक्षरं हा मान डोलवत परत म्हणतो, आपण त्याच्याच बाजूचे आहोत हे कळावं म्हणून. पबमध्ये लोक त्याची टर उडवतात, तेव्हाही तो त्यांच्याबरोबर हसतो. त्या हसण्यात अर्धा क्षण उशीर असतो. चेष्टा आपलीच आहे हे त्याला कळलंय की नाही, याचा निकाल शॉर्ट आपल्यालाही देत नाही. किराणा दुकानात काम करणाऱ्या कार्मेलच्या (अ‍ॅन-मरी डफ) बाबतीत त्याची एक भाबडी आशा आहे. ती आशा नाचाच्या एका प्रसंगात मोडते. ते दोन मिनिटांचं दृश्य मला पुन्हा बघवत नाही.

पंपावर मदतीला डेव्हिड नावाचा पोरगा येतो. काम संपल्यावर दोघं बिअर पीत बसतात, आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मित्र मिळाल्यासारखा जोसी फुलतो आणि मग त्याच्या हातून एक चूक होते. मनात वाईट काहीच नसताना झालेली, पण गावाच्या दृष्टीने अक्षम्य. पुढे पोलीस ठाण्यात ओळखीचाच हवालदार त्याला प्रश्न विचारतो. जोसी सवयीने होकार देत राहतो आणि एका ठिकाणी त्याच्या चेहऱ्यावरचा होकार थिजतो. वर्षानुवर्षं लोकांना हसवत आलेल्या चेहऱ्यावर हे बघताना पोटात खड्डा पडतो.

लेनी अब्राहमसनने हे दिग्दर्शित केलं, मार्क ओ’हॅलोरनने लिहिलं. अब्राहमसनचं नाव पुढे ‘रूम’ या सिनेमामुळे ऑस्करच्या दिग्दर्शकांच्या नामांकन यादीत गेलं, ‘नॉर्मल पीपल’ या मालिकेमुळे घरोघरी पोचलं, पण मागे वळून ‘गॅरेज’पर्यंत फार थोडे लोक आले. ‘द क्वाएट गर्ल’ला आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या ऑस्करचं नामांकन मिळालं. आयरिश भाषेतल्या सिनेमाला ते पहिल्यांदाच मिळालं, आणि त्या भाषेसाठी मला त्याचा मनापासून आनंद आहे. गंमत अशी, की दोन्ही सिनेमांचं संगीत स्टीफन रेनिक्सचं. कुठे गप्प राहायचं हे त्याला दोन्हीकडे कळलंय.

भाषेचं म्हणाल तर ‘द क्वाएट गर्ल’ बराचसा आयरिशमध्ये आहे, पण संवाद इतके मोजके की सबटायटल्स वाचताना दमछाक होत नाही. ‘गॅरेज’ इंग्रजी असला तरी तिथला गावाकडचा लहेजा आपल्या कानाला झेपत नाही. सबटायटल्स लावाच. दोन्ही दीड तासाच्या आसपास आटपतात.

आईवडील किंवा जाणती मुलं सोबत असतील तर प्रश्नच नाही, ‘द क्वाएट गर्ल’ लावा. तो रडवतो, पण रडवताना हात धरून ठेवतो. मन आधीच खचलेलं असेल तर ‘गॅरेज’च्या वाटेला त्या दिवशी जाऊ नका, त्याचा शेवट फार जड आहे. पण एकटे असाल, मन थाऱ्यावर असेल आणि नटाचं काम बघण्यासाठीच सिनेमा निवडणार असाल, तर माझं मत ‘गॅरेज’ला.

आणि दोन संध्याकाळी मिळाल्याच, तर आधी ‘गॅरेज’ बघा, मग ‘द क्वाएट गर्ल’. या क्रमाने बघितलं की शॉनने ठेवलेलं ते बिस्किट निराळंच दिसतं. जोसीच्या टेबलावर तसं कुणी काही ठेवलेलं नसतं.