मुलाला स्वतःचा कॉम्प्युटर कधी घ्यायचा? आईबाबांचा फोन, घरचा कॉम्प्युटर आणि स्वतःचा लॅपटॉप

चौथीतल्या मुलीचे बाबा आणि अकरावीतल्या मुलाची आई, दोघंही जूनमध्ये मला हाच प्रश्न विचारतात : "मॅडम, आता लॅपटॉप घेऊन टाकू का?" मी ठाण्यात वर्तकनगरला शाळेच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे नव्या लॅपटॉपचं कौतुक मला दिसतं आणि वर्षभराने त्याच लॅपटॉपवर काय चालतं तेही दिसतं. चौथीला माझं उत्तर "नको" असतं, अकरावीला बहुतेक वेळा "हो". अडचण आहे ती मधल्या वर्षांची. तिथे पालक आईबाबांच्या फोनवरून थेट मुलाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर जातात आणि मधली पायरी वगळतात. ती पायरी म्हणजे घरचा, सगळ्यांचा मिळून एक कॉम्प्युटर. सहावी ते दहावीच्या बहुतेक मुलांना तो पुरतो आणि तोच बरा पडतो, असं माझं ठाम मत आहे.

आधी घरातली मोजदाद

"घरात दोन लॅपटॉप आहेत की!" असं म्हणणाऱ्या घरात पुष्कळदा घराचा एकही लॅपटॉप नसतो. दोन्ही ऑफिसचे असतात. ऐरोली, महापे, वागळे इस्टेटला नोकरी करणाऱ्यांकडे हे नेहमीचं. ऑफिसच्या लॅपटॉपवर मुलाला बसवणं सहसा कंपनीच्या नियमात बसत नाही. पेनड्राइव्ह चालत नाही, काही इन्स्टॉल करता येत नाही आणि मुलाने भलतीच लिंक उघडली तर जाब आईला नाहीतर बाबांना द्यावा लागतो. शिवाय वेळ जुळत नाही. मुलं गृहपाठाला बसतात संध्याकाळी पाच ते आठ. तेव्हा तो लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत, ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत असतो. घरून काम असेल त्या दिवशी लॅपटॉप घरात असतो, पण त्यावर मीटिंग चालू असते.

तेव्हा ऑफिसची यंत्रं हिशेबातून काढून टाका. मग उरतं काय ते बघा. बहुतेक घरांत दोन फोन उरतात.

दुसरी मोजदाद गृहपाठाची. शाळा सुरू झाल्यावर दोन आठवडे स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात एक अक्षर लिहा. स्क्रीनवर काही नुसतं पाहायचं किंवा वाचायचं होतं, तर "प". स्क्रीनवर बघून वहीत उतरवायचं होतं, तर "उ". स्क्रीनवरच काही बनवायचं होतं, म्हणजे टाइप करायचं, तक्ता करायचा, प्रेझेंटेशन किंवा प्रोग्रॅम, तर "ब". आणि यंत्र मोकळं नव्हतं म्हणून काम अडलं असेल तर त्या अक्षराखाली रेघ ओढा. ही नोंद मुलालाच करू द्या, ती जास्त खरी होते. दुकानदाराला विचारण्याआधी हे एवढं हातात असलं की निम्मा निर्णय झालेला असतो.

"प" आणि "उ" : फोन पुरतो का?

पाचवीपर्यंत चौकोनात जवळजवळ सगळी "प" आणि "उ" दिसतील. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली वर्कशीट, बाईंनी पाठवलेला व्हिडिओ, सरकारच्या दीक्षा ॲपवरचा एखादा धडा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, तीही फोनवर उघडतात. यासाठी तीस हजार घालवण्यात अर्थ नाही. वर्कशीटची प्रिंट खालच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणा. बारीक अक्षरांवर डोळे ताणत फोनवरून वहीत उतरवण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. 2020 मध्ये शाळा पूर्ण बंद असतानाही केंद्र सरकारच्या "प्रज्ञाता" मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची दोनच ऑनलाइन सत्रं सुचवली होती. आता शाळा रोज भरते आहे. मग घरी स्क्रीनवरचा गृहपाठ त्याहून कमीच असायला हवा. रोज जास्त येत असेल तर लॅपटॉप घेण्याआधी वर्गशिक्षिकेशी बोला.

फोनची खरी उणीव छोट्या पडद्याची नाही. तो आईचा फोन आहे, ही आहे. मधेच मावशीचा कॉल येतो, गॅसच्या बुकिंगचा ओटीपी येतो आणि व्हिडिओ संपला की खाली दुसरा तयारच असतो. मूल अभ्यासाला बसलं की फोन "डू नॉट डिस्टर्ब"वर टाका आणि काम झालं की परत घ्या.

टॅबबद्दल थोडक्यात. वाचायला आणि चित्रं काढायला तो छान. स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम शिकवणारं मुलांचं साधन, तेसुद्धा टॅबच्या ब्राउझरमध्ये चालतं. पण टायपिंग सुरू झालं की वेगळा कीबोर्ड लागतो, मग कव्हर, मग स्टँड, आणि हे सगळं धरून किंमत लॅपटॉपच्या जवळ जाते. फाइली सांभाळायची सवयही टॅबवर नीट लागत नाही. घरात आधीच असेल तर वापरा. गृहपाठासाठी म्हणून मुद्दाम घेऊ नका.

घरचा की स्वतःचा

सहावीच्या आसपास चौकोनांत "ब" यायला लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही कोडिंगची ओळख याच टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीत करून द्यावी असं म्हटलं आहे. इथे खरी तुलना सुरू होते.

घरचा कॉम्प्युटर म्हणजे हॉलमधल्या टेबलावर कायम असलेला. डेस्कटॉप असला तर उत्तम : पडदा डोळ्यांच्या उंचीला येतो, कीबोर्ड मोठा असतो, मूल खुर्चीवर सरळ बसतं आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. पण वन बीएचकेत प्रत्येकाकडे टेबलाला जागा कुठून येणार? आणि पावसाळ्यात लाइट गेली की यूपीएसशिवाय डेस्कटॉपवरचं सेव्ह न केलेलं काम गेलं. अशा घरात लॅपटॉप घ्या, पण तो घरचा म्हणूनच घ्या. चार्जर हॉलमधल्या सॉकेटलाच राहील, लॅपटॉप तिथून हलणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. नंतर लावलेला नियम मुलांना शिक्षा वाटतो.

विंडोजमध्ये प्रत्येकाचं वेगळं अकाउंट करता येतं. मुलाचं अकाउंट "स्टँडर्ड" ठेवलं की मोठ्यांच्या पासवर्डशिवाय त्याला सहसा काही इन्स्टॉल करता येत नाही आणि त्याच्या फाइली, त्याचा वॉलपेपर, त्याचे ब्राउझरमधले पासवर्ड त्याच्यापाशी राहतात. बारा वर्षांच्या मुलाला "माझं" म्हणून जे हवं असतं त्यातलं पुष्कळ इथेच मिळतं. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये आधीपासून असतो, फक्त सुरू करायचा. सुट्टीत रोज थोडा वेळ दिला तर मूल निबंध देवनागरीत सरसर टाइप करायला लागतं. मोठ्या कीबोर्डवर हे जितकं पटकन बसतं तितकं फोनवर कधीच बसत नाही.

घरच्या कॉम्प्युटरचा मला सगळ्यात मोठा वाटणारा फायदा असा की मूल काय करतं आहे ते येताजाता दिसतं, मुद्दाम डोकवावं लागत नाही. भाजी निवडता निवडता आई विचारते, "हे काय बनवतोयस?" आणि तो दाखवतो. चॅटजीपीटीसारखी साधनं आल्यापासून याची किंमत आणखी वाढली आहे. चॅटजीपीटीच्या अटींनुसार तेरा वर्षांखालच्या मुलांनी ते वापरायचं नाही आणि अठरापर्यंत पालकांची परवानगी लागते, पण बंद दाराआड हे पाळलं जाईल अशी अपेक्षा कोण ठेवणार? माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये स्वतः लिहिलेला आणि उचलून आणलेला निबंध चार वाक्यांत ओळखू येतो. उचलून आणणाऱ्या मुलांना मी रागावत नाही, त्यांच्या घरी कॉम्प्युटर कुठे ठेवला आहे ते विचारते.

मग स्वतःचा लॅपटॉप कधी जिंकतो? जेव्हा काम अर्धवट उघडं ठेवावं लागतं. निबंध एका बैठकीत होतो. प्रोग्रॅम होत नाही. काल जिथे एरर आला तिथूनच आज सुरुवात करायची असते, सगळं उघडं असतं, डोक्यात धागा असतो. अशा वेळी "ऊठ, ताईला प्रोजेक्ट करायचाय" म्हटलं की तो धागा तुटतो आणि पुन्हा जोडायला अर्धा तास जातो. आठवड्यात दोन-तीन "ब" आणि त्यांच्याखाली रेघा, असं महिनाभर दिसलं की वेळ आली. दुसरं कारण, लॅपटॉप घराबाहेर न्यावा लागणं, क्लासला किंवा मित्राकडे गटाच्या प्रकल्पासाठी. तिसरं, घरात दोन मुलं आणि दोघांच्या संध्याकाळच्या वेळा एकच. मात्र इथे आधी वेळापत्रक करून बघा. सातवीतल्याला सहा ते सात आणि नववीतलीला सात ते साडेआठ, हे बहुतेक घरांत जमतं.

"मित्राकडे आहे" हे कारण मी धरत नाही. मुलाला ते मोठं वाटतं हे मला ठाऊक आहे, आणि त्याची समजूत काढावी लागते. पण ते गृहपाठाचं कारण नाही.

बोर्ड आणि विषय

नववीनंतर इयत्तेपेक्षा विषय महत्त्वाचा. आयसीएसईला कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स घेतलं तर जावा शिकावी लागते आणि प्रोग्रॅम घरी चालवून बघितल्याशिवाय ती येत नाही. सीबीएसईला अकरावी-बारावीत कॉम्प्युटर सायन्स असेल तर पायथॉन आणि मायएसक्यूएल. राज्य मंडळाच्या बारावी सायन्सला आयटी घेणाऱ्यांना एचटीएमएल, जावास्क्रिप्ट आणि पीएचपी करावं लागतं, आणि त्या विषयाची बोर्डाची परीक्षाही कॉम्प्युटरवरच होते. पीएचपीसाठी यंत्रावर सर्व्हर बसवावा लागतो, फोनवर ते सोयीचं नाही. हे विषय घेतले असतील तर स्वतःचा लॅपटॉप द्या, आणि परीक्षेच्या तोंडावर न देता वर्षाच्या सुरुवातीलाच द्या.

एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन कॉम्प्युटरवर होतात म्हणून लॅपटॉप हवा, असं क्लासवाले सांगतात. सराव हवा हे खरं. प्रश्न पडद्यावर वाचायचा आणि आकडेमोड कागदावर करायची, ही सवय लावावी लागते. पण त्या सरावाला घरचा कॉम्प्युटर भरपूर झाला.

घ्यायचाच ठरला तर

पहिलं यंत्र नवंकोरं हवं असं नाही. ऑफिसांतून निघालेले जुने लॅपटॉप लॅमिंग्टन रोडला मिळतात (ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं) आणि ठाण्यातल्या दुकानांतही मिळतात. फक्त एक बघा. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट वगैरे, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुनं यंत्र "एकदम स्वस्त" म्हणून दाखवलं जातं, ते यामुळेच. असं यंत्र घेतलंच तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घ्या. लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं), पायथॉन, जावा, ब्राउझरमधलं स्क्रॅच, सगळं त्यावर फुकट चालतं. शाळेने पॉवरपॉइंटचीच फाइल मागितली तर लिब्रेऑफिसमधून तशी सेव्ह करता येते, फक्त पाठवण्याआधी फॉन्ट एकदा तपासावे. रॅम 8 जीबी आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी, यावर तडजोड नको. दुकानात अर्धा तास चार्जर काढून चालवून बघा, म्हणजे बॅटरीची अवस्था कळते. बिल आणि वॉरंटी लेखी घ्या.

नवा घेत असाल आणि मूल आठवी-नववीत असेल, तर महागातला घेऊ नका. दहावीनंतर ते डिप्लोमाला गेलं, मेकॅनिकल किंवा सिव्हिलला, तर ऑटोकॅडसाठी जास्त ताकदीचं यंत्र लागेल. कॉमर्सला गेलं तर टॅली आणि एक्सेलला साधं यंत्र पुरेल. कोणतं लागेल ते दहावीच्या निकालानंतर कळेल, मोठा खर्च तेव्हासाठी राखून ठेवा.