आर्थर राजा आधी कुठल्या पुस्तकातून भेटावा?

ब्रिटनच्या आर्थर राजाची दंतकथा कादंबरीच्या रूपात वाचायची आहे आणि दोन पुस्तकांपाशी गाडी अडली आहे: केविन क्रॉसली-हॉलंड यांचं ‘द सीइंग स्टोन’ (२०००) आणि फिलिप रीव्ह यांचं ‘हिअर लाइज आर्थर’ (२००७). दोन्ही किशोरांसाठी लिहिलेली. पहिल्याला गार्डियनचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, दुसऱ्याला कार्नेगी पदक. आर्थरचा जादूगार सल्लागार मर्लिन दोन्हीकडे आहे, पण पुस्तकांचा स्वभाव पार उलटा.

माझा जीव रीव्हच्या पुस्तकावर जास्त आहे. काळ इ. स. ५०० च्या आसपासचा, रोमन निघून गेलेले. आर्थर म्हणजे गावं जाळत, लुटत फिरणारा टोळीप्रमुख. त्याच्या माणसांच्या तडाख्यातून पोहून वाचलेली ग्विना ही अनाथ पोर मिर्डिन नावाच्या भाटाच्या (हाच इथला मर्लिन) हाती लागते. तिचं पोहणं बघून त्याच्या डोक्यात एक बेत शिजतो. गार पाण्याखाली ती श्वास कोंडून थांबते आणि ठरल्या क्षणी तलवार धरलेला हात तेवढा वर काढते. काठावरच्या लोकांना वाटतं, साक्षात जलदेवी! या पुस्तकातली जादू ती एवढीच. बाकी सगळी भाटाच्या जिभेची करामत. शीर्षकातल्या ‘लाइज’चे ‘विसावला आहे’ आणि ‘थापा’ असे दोन्ही अर्थ इथे चपखल बसतात.

पण हा प्रसंग अंगावर येतो तो मूळ कथेतली सरोवरातली तलवार ठाऊक असेल तरच. टॉमस मॅलरी या इंग्रज लेखकाच्या १४८५ साली छापल्या गेलेल्या ग्रंथापासून घोटली गेलेली कथा रीव्ह उसवतो, आणि वीणच माहीत नसेल तर उसवण्यातली गंमत कशी कळणार? म्हणून कोऱ्या पाटीच्या वाचकाला मी आधी ‘द सीइंग स्टोन’ देईन.

तिथे साल आहे ११९९, जागा वेल्सच्या सीमेवरची एक जहागीर. तेरा वर्षांच्या आर्थरला मर्लिन एक काळा, चकचकीत दगड देतो आणि त्यात त्याला आपल्याच नावाच्या राजाची कथा घडताना दिसते. मूळ कथा अशी अलगद हाती येते. मला मात्र दगडाइतकंच दगडाबाहेरचं जग आवडलं: गॅटी ही कष्टकऱ्याची पोर आणि तिच्यासोबत राबायला जहागीरदाराच्या मुलाला असलेली मनाई. वेग संथ आहे, पण शंभर प्रकरणं इतकी छोटी की रात्री झोपताना दोन-चार सहज होतात.

दोन गोष्टी आधीच सांगते. ‘द सीइंग स्टोन’ तीन भागांतला पहिला भाग आहे, त्यामुळे पुढचे भाग हाताशी ठेवा. रीव्हचं पुस्तक एकातच पुरं होतं. आणि रीव्हकडे सुरुवातीलाच जाळपोळ, रक्तपात आहे. दहा-अकराच्या हळव्या मुलांना ते इतक्यात देऊ नका. मूळ कथेतलं गोलमेज, सरदार लान्सलॉट, राणी ग्विनिव्हर हे सगळं आधीच वाचलेलं असेल, तर मात्र सरळ ग्विनाबरोबर पाण्यात उतरा.