जीन्सची बॅग, लुगड्यांचं जॅकेट आणि चिंध्यांचा झोळा: पाडव्यापासून दिवाळीपर्यंत वापरल्यावर

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. जुन्या जीन्सची बॅग डोळे झाकून घ्या. सुती लुगड्यांचं बिनबाह्यांचं जॅकेट घ्या, पण उलटं करून, आतली बाजू बघून. रेशमी तुकड्यांचा श्रग नको. मागावरच्या चिंध्यांचा झोळा हौस असेल तर. आणि ऑनलाइन मागवलेला पॅचवर्क कुर्ता... त्याच्याबद्दल खाली लिहिलंय, जरा वैतागून लिहिलंय.

राहते सांगलीत, नोकरी मिरजेत. रोज स्कूटर. बॅगेत डबा, पाण्याची बाटली, छत्री, ऑफिसचे कागद, येताना त्यातच मेथीची जुडी. वस्तूंचे लाड माझ्याकडे होत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. बहुतेक वस्तू घरून काम करणाऱ्या दोन बायकांकडून घेतल्या. एक सांगलीतल्याच विश्रामबागेत ब्लाउज शिवते आणि उरल्या वेळात हे करते, दुसरी विट्याची, घरचे यंत्रमाग आहेत. नावं लिहीत नाही, कारण दोघींना आहे तेवढंच काम उरकत नाही.

बॅगेपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त तीच वापरली. जीन्स फाटते कुठे? मांड्यांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यावर आणि खाली टाचेपाशी. पोटरीमागचं कापड जवळजवळ नवंच राहिलेलं असतं. विश्रामबागेतल्या बाईंनी बॅगेच्या दोन्ही बाजू पोटऱ्यांच्या कापडातून काढल्यात, आणि खांद्याचा पट्टा दोन पँटींचे कमरपट्टे जोडून केलाय. कमरपट्टा मुळातच दुपदरी, दोन्ही कडांना शिलाई मारलेला, त्यामुळे तो खांद्यावर वळत नाही की रुतत नाही. पट्टा बॅगेला जिथे जोडलाय तिथलं काम बघण्यासारखं आहे. नुसता कडेला टाचलेला नाही. चार बोटं खाली आणून बॅगेच्या अंगावर चौकोन शिवलाय आणि त्या चौकोनात फुली मारलीय. वजन एका रेषेवर न येता चौकोनभर वाटलं जातं. बाजारातल्या बॅगा बहुतेक इथेच उसवतात. हिचा एक टाका अजून सुटलेला नाही.

अस्तर मोडक्या छत्रीच्या कापडाचं. ही युक्ती मला फारच आवडली. बाटली गळली तरी पाणी जीन्सपर्यंत जात नाही आणि फडक्यानं पुसलं की काम झालं. फिकट कुर्त्यावर निळा रंग लागेल अशी धास्ती होती, पण नव्या डेनिमचा जो रंग घासून निघतो, तो हिच्या पूर्वीच्या मालकानं धुऊन धुऊन केव्हाच घालवलेला होता. गंमत म्हणजे बॅगेत एकच गोष्ट नवी होती, चेन, आणि तीच पहिल्यांदा गेली. रनर ढिला होऊन दात सुटायला लागले. बाईंनी तिथल्या तिथे पक्कडनं दाबून दिला, पुन्हा सुटला तेव्हा चेनच बदलली आणि फक्त चेनचे पैसे घेतले. दुकानातून घेतलेली बॅग अशी कोण दुरुस्त करून देतं?

तक्रार आहे ती वजनाची आणि वाळण्याची. रिकामी बॅगही जड लागते. आणि आपल्याकडे जुलैत ती धुवायची म्हणजे दोन दिवस फॅनखाली, तरी कुबट वास येतोच. पावसाळ्यात मी ती धुणंच सोडून दिलं होतं. शिवाय जीन्स स्ट्रेच नको. माझ्या बहिणीनं तिच्या ताणल्या जाणाऱ्या जीन्सची तशीच बॅग करून घेतली, ती महिन्याभरात लोंबायला लागली. कापडात लवचिक धागा असला की वजनानं ते खाली येणारच, त्यात शिवणारीचा दोष नाही. बाईंनी तसं आधी सांगितलंही होतं.

आता जॅकेट. सासूबाईंची दोन इरकली लुगडी आणि एक साधं सुती लुगडं पेटीत होतं. बोहारणीला देऊन एखादं पातेलं घ्यावं इतपतच त्यांची अवस्था, पण सासूबाईंचं मन होत नव्हतं. ती लुगडी मी विश्रामबागेत नेऊन दिली. बाईंनी एकेक उलगडून खिडकीपाशी धरलं. उजेडात कापड कुठे घट्ट आहे आणि कुठे चाळणीसारखं झालंय ते लगेच दिसतं. मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून एकदा उभ्या धाग्याच्या दिशेनं आणि एकदा आडव्या दिशेनं हलकेच ताणून बघितलं. एका ठिकाणी टर्र आवाज आला तशी सासूबाई जागच्या हलल्या.

"काकू, काठ न् पदर झकास हाय. मधलं सगळं विरलंय. ह्ये वाकळंत चालंल, अंगावर वरनं न्हाई चालायचं."

मग त्यांनी केलं ते असं. विरलेलं कापड फेकलं नाही, मधला थर म्हणून आत घातलं. वरून काठ-पदराचे आणि धड राहिलेले तुकडे, आतून साध्या लुगड्याचा चांगला भाग, आणि तिन्ही थरांतून बोटाबोटाच्या अंतरावर हातानं धावदोरा. आपल्याकडची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवण्याची हीच तर रीत आहे. एकटं उभं राहू न शकणारं कापड दोन थरांत धरून ठेवायचं आणि ताण टाक्यांवर घ्यायचा. काठ टिकतो, कारण तिथली वीण दाट असते आणि नेसताना अंगाखाली तो सहसा दबत नाही. बसण्याचा भाग आधी जातो. हे सगळं त्या बाईंना कुणी वर्गात शिकवलेलं नाही, त्यांच्या आईच्या हाताखाली वाकळा शिवताना कळलेलं आहे.

धुतल्यावर जॅकेट आटलं नाही. पंचवीस-तीस वर्षं धुतलेल्या सुती कापडात आटायला आता काही शिल्लकच नाही. हा जुन्या कापडाचा फायदा कुणी फारसा सांगत नाही. नवा सुती कुर्ता पहिल्या धुण्यात आखूड होतो, हे होत नाही. अंगाला मऊ तर इतकं की इस्त्रीची गरज वाटत नाही. मात्र तीन थर म्हणजे ऊब भरपूर. एप्रिल-मेमध्ये सांगलीत ते घालण्याचा विचारही करू नका. पावसाळ्यात सकाळी स्कूटरवरून जाताना आणि आता दिवाळीनंतर मस्त.

या जॅकेटला एकच डाग लागला, आणि तोही नव्या कापडामुळे. कॉलरला ब्लाउजातून उरलेला लाल खणाचा तुकडा लावला होता. पहिल्याच धुण्यात त्याचा रंग शेजारच्या मोतिया पट्टीवर उतरला. मिठाच्या पाण्यात भिजवा असं सगळ्यांनी सांगितलं, मी भिजवलं, काडीचा फरक पडला नाही. बाईंना दाखवलं तर त्या जास्त हळहळल्या. आता खणाचा प्रत्येक तुकडा आधी भिजवून, पांढऱ्या फडक्यावर घासून बघूनच वापरतात म्हणे. तुम्ही घेणार असाल तर दुकानातच ओल्या रुमालानं गडद रंगाचा तुकडा घासून बघा. विकणारी खरी असेल तर रागावणार नाही.

श्रगबद्दल थोडक्यात. एका प्रदर्शनात घेतला, जुन्या रेशमी साड्यांचा, दिसायला देखणा. गणपतीत दोनदा घातला आणि पाठीवर उभी चीर पडली, अगदी सरळ, पट्टीनं आखल्यासारखी. ती साडीची घडी होती. वर्षानुवर्षं कपाटात एकाच घडीत ठेवलेलं रेशीम दुमडीवर मोडतं, हे पैठण्या जपणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं, म्हणून तर आपण मधून मधून घड्या बदलतो. रेशीम वापरायचं तर घडीची रेघ सोडून कापायचं, नाहीतर मागून मलमलचा आधार द्यायचा. आतून बघितलं तर एकच थर, अस्तराचा पत्ता नाही. विकणाऱ्यांनी फोनवर सांगितलं, प्रदर्शनातला माल परत घेत नाही. बरं.

विट्याच्या बाईंचा झोळा वेगळ्याच मालातून केलेला आहे. शटल नसलेल्या मागांवर कापड विणताना कडेला झालरीसारखी एक पट्टी सुटी कापून निघते. सतत निघत राहते आणि गोळे करून किलोवर जाते. ती पट्टी घेऊन त्या जाड सुईनं क्रोशा करतात. म्हणजे हे कुणाच्याही अंगाला कधी लागलेलं कापडच नाही. मला आधी वाटायचं, टाकाऊ कापड म्हणजे आपण वापरून टाकलेले कपडे. पण 'फॅशन फॉर गुड' या संस्थेच्या २०२२ च्या अहवालात भारतातला कापडाचा कचरा वर्षाला सुमारे ७८ लाख टन धरलाय आणि त्यातला ४२ टक्के गिरण्या, माग आणि कपड्यांच्या कारखान्यांतूनच निघतो, गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याआधी. आपल्या बाजूला हे समजायला अहवालाचीही गरज नाही. शेजारच्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून या पट्ट्यात माग वाढतच गेले, आणि मागामागे चिंधी निघणारच. तिचा काही भाग यंत्रं पुसायला जातो.

झोळा मात्र मला मध्यम वाटला. क्रोशाची वीण वजनानं लांब होते, बारीक वस्तू त्यातून डोकावतात, आणि कोऱ्या सुताला हळदीचा डाग लागला की तो सहजासहजी जात नाही. हळदीच्या गावात राहून पांढरा झोळा वापरायचा म्हणजे जरा हिंमतच लागते. नारळ, कांदे-बटाटे यासाठी उत्तम.

जुन्या चादरींच्या भाजीच्या पिशव्यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पण २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर दुकानांतून ज्या कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या मिळायला लागल्या, त्या कापड नसून प्लास्टिकच असतात हे अजून पुष्कळांना माहीत नाही. काडी लावून बघा, वितळून थेंब गळेल. सुती कापड कागदासारखं जळतं आणि राख होते.

हीच काडीची परीक्षा त्या ऑनलाइन कुर्त्याची झाली. जाहिरातीत 'टाकाऊ कापडापासून हातानं बनवलेला' असं ठळक लिहिलेलं. हातात आल्यावर सगळे तुकडे एका मापाचे, प्रिंट सहा-सात आणि तेच आलटून पालटून, कापडाला नव्या ठाणाची खळ. दुसऱ्या एका मुलीनं त्याच दुकानातून मागवलेला कुर्ता बघितला तर हुबेहूब तसाच, तुकड्यांचा क्रमही तोच. खऱ्या कतरणीतून असे जुळे जन्माला येत नाहीत. नवं कापड आणून त्याचे तुकडे करून पुन्हा जोडले असणार, याबद्दल मला शंका नाही. वर त्यात सुती आणि पॉलिस्टर शेजारी शेजारी लावलेलं. धुतल्यावर सुती आटलं, पॉलिस्टर जागच्या जागी राहिलं, आणि जोडावर सगळीकडे चुण्या पडल्या. काडी लावलेल्या दोन धाग्यांपैकी एकाचा काळा मणी झाला, दुसऱ्याची राख. कुर्ता आता फरशी पुसायला आहे, तेवढा मात्र खरोखर पुनर्वापर.

किमतीवर येते, कारण पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच. जीन्सची बॅग साडेसहाशेला पडली, जॅकेट कापड माझं असून अठराशेला. कापड फुकट आणि एवढे पैसे, असं माझ्या नणंदेनं म्हटलंच. कारखान्यात कापडाचे थर एकावर एक रचून एका झटक्यात ढीगभर नग कापतात. इथे प्रत्येक जीन्स धुवायची, उसवायची, इस्त्री करायची, मग कुठला भाग चांगला ते बघून एकेक तुकडा वेगळा कापायचा. शिलाईपेक्षा उसवण्यातच जास्त वेळ जातो, असं बाई म्हणतात. जॅकेटवरचा धावदोरा मोजायला बसलात तर अठराशे कमीच वाटतील. जुन्या कपड्यांचा दुसरा मार्ग पानिपतचा आहे. तिथे जुने कपडे यंत्रात पिंजून पुन्हा धागा काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं होतात. तेही काम मोठंच आहे, पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतो आणि धागा मूळ कापडाइतका दमदार राहत नाही. हातानं करणाऱ्या बायका कापड कापड म्हणूनच ठेवतात, म्हणून त्यांच्या वस्तूला अजून काही वर्षं आहेत.

एक गोष्ट या बायकांनी सुधारावी असं वाटतं. वस्तूबरोबर साधी चिठ्ठी द्यावी: कशाचं कापड आहे, कसं धुवायचं, नवा तुकडा कुठला. विट्याच्या बाई तोंडी सगळं सांगतात, पण भेट म्हणून दिलेल्या वस्तूबरोबर तोंडी सूचना जात नाहीत. माझ्या मैत्रिणीनं तिला दिलेला झोळा वॉशिंग मशीनमध्ये टाकला आणि त्याचा गोळा झाला.

सासूबाईंच्या लुगड्यांतून उरलेल्या कापडाची आता उशीची खोळ करायला दिलीय. कुणाला विश्रामबागेतल्या बाईंकडे काही करून घ्यायचं असेल तर तुळशीच्या लग्नानंतर जाऊ नका, लग्नसराईच्या ब्लाउजांचे गठ्ठे पडलेले असतात आणि त्या सरळ नाही म्हणतात. जूनमध्ये हात मोकळा असतो. जुने कपडे धुऊन, बटणं-चेन न काढता न्या, त्यांना त्याही लागतात.