पीएचसीवर (प्राथमिक आरोग्य केंद्रावर) नऊ महिने ॲप वापरलं, त्याबद्दल

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर बाँडची, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेची, ऑर्डर हातात पडली, त्याच आठवड्यात मी हे ॲप घेतलं. वर्षाचे साडेनऊ हजार. त्यात नीट पीजीची (एमबीबीएसनंतरच्या पुढच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा) प्रश्नपेढी, क्लिनिकल संदर्भ आणि 'करिअर मेंटॉरशिप' असं तिन्ही. नाव लिहीत नाही. अशी चार-पाच ॲप आहेत आणि बॅचमधल्या ज्यांच्याकडे दुसरी आहेत त्यांचंही रडगाणं साधारण हेच. मी अंबाजोगाईच्या 'स्वाराती' मेडिकल कॉलेजची, पीएचसी धारूरच्या बाजूला. रेंज फक्त क्वार्टरच्या गच्चीवर येते, त्यामुळे ऑफलाइन चाललं पाहिजे ही पहिली अट. ती ॲपनं पाळली.

प्रश्नपेढीला नावं ठेवायला जागा नाही. नीट पीजीत 200 प्रश्न, 800 गुण, चुकलं की एक वजा. 2024 पासून पेपरचे पाच भाग पाडलेत, प्रत्येकी 40 प्रश्न 42 मिनिटांत, आणि एक भाग संपला की मागे फिरता येत नाही. ॲपची मॉक टेस्ट अगदी तशीच कापून दिलेली आहे. पहिल्या मॉकला पहिल्याच भागातले सहा प्रश्न तसेच राहिले होते. ओपीडी संपल्यावर रोज चाळीस प्रश्न, एवढं केलं तरी हात बसतो.

खरी परीक्षा क्लिनिकल भागाची झाली, कपाशीवर फवारणी सुरू झाल्यावर. दुपारी तीनच्या सुमारास एका पोराला मोटारसायकलवर दोघांच्या मधे धरून आणलं. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. फवारणीचं विष भिनलेलं. ॲप पटकन उघडलं, माहितीही बरोबर होती: त्यावरचं औषध ॲट्रोपिन, 1.8 ते 3 मिलिग्रॅम, दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट, छाती मोकळी होईपर्यंत. सिस्टरनी विचारलं, "मॅडम, किती फोडू?" आणि मी मोबाइल हातात धरून भागाकार करत उभी. आपल्याकडे ॲम्प्यूल (इंजेक्शनची काचेची कुपी) 0.6 मिलिग्रॅमची. म्हणजे आधी तीन, मग सहा, मग बारा. दहा मिनिटांत एकवीस ॲम्प्यूल फोडताना सिस्टरचा अंगठा कापला, त्यावर कापूस दाबून त्या फोडतच राहिल्या. मी सारखी टॉर्चनं बाहुल्या बघत होते, तर म्हणाल्या, "डोळ्याकडं बघू नका मॅडम, काखेत हात घाला." काख कोरडी, छाती मोकळी, नाडी ऐंशीच्या वर. ॲपमध्येही हेच लिहिलंय, पण तक्त्याच्या खाली, स्क्रोल केल्यावर. पोराला 108 मधून अंबाजोगाईला पाठवलं. दिवाळीनंतर तोच पोरगा ऊसतोडीला निघताना ताकदीच्या गोळ्या मागायला आला.

विंचवाचं तर विचारूच नका. रात्री अकराला एक बाई लेकराला घेऊन आली, "इच्चू डसला." अंगाला दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार. ॲपमध्ये विंचू शोधला तर अमेरिकेतल्या ॲरिझोनाचा विंचू निघाला, त्याच्या विषावरचा उतारा आणि डोळे कसे गरगरतात त्याचं वर्णन. आपला लाल विंचू वेगळा, तो हृदयावर आणि फुप्फुसावर जातो. मग आपल्याकडं विंचवावर देतात ते प्राझोसिन शोधलं, तर ब्लडप्रेशर, प्रोस्टेट आणि वाईट स्वप्नं! विंचूदंशात प्राझोसिन वापरायचं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवून दिलं. ते मूळचे आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, 2022 साली पद्मश्री मिळाली. इथं भारतीय विद्यार्थ्यांना विकलेल्या ॲपमध्ये त्यांच्या कामाची एक ओळ सापडू नये, याचा मला अजून राग येतो. डोस मला इंटर्नशिपमधल्या सरांमुळे पाठ होता: किलोला 30 मायक्रोग्रॅम. लेकरू बारा किलोचं, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या गोळीच्या तिसऱ्या भागाहून किंचित जास्त. द्यायची, लेकराला आडवंच ठेवायचं कारण प्रेशर पडतं, आणि हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. आणखी एक गोष्ट: गावातल्या मेडिकलवर मिळते ती बहुतेक वेळा ब्लडप्रेशरवाली एक्सएल गोळी. हळूहळू विरघळणारी ती इथं चालत नाही, तोडूनही नाही. साधी गोळी आधीच कपाटात आणून ठेवावी लागते.

तेव्हापासून एक शंभर पानी वही केलीय. ॲपमधला डोस डावीकडे मिलिग्रॅममध्ये, उजवीकडे आमच्या कपाटातल्या ॲम्प्यूल-गोळ्यांत. सापाच्या पानावर मोठ्या अक्षरात: लेकराला आणि मोठ्याला एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) सारखंच, सुरुवातीला दहा वायल (बाटल्या). शेजारी नाग, मण्यार, घोणस, फुरसं अशी नावं, कारण पेशंटचे नातेवाईक तीच सांगतात. ॲपला ही नावं कळत नाहीत.

मेंटॉरशिपबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. महिन्यातून एक वीस मिनिटांचा कॉल. समोरचे दिल्लीचे, बोलायला भले. पहिल्याच कॉलला म्हणाले, बाँडचे पैसे भरून टाका, ड्रॉप घ्या, म्हणजे वर्षभर नुसता अभ्यास करा, रेडिओलॉजी मिळेल. एमबीबीएसच्या बाँडचे दहा लाख, आणि आमच्या अण्णांचं तीन एकर सोयाबीन. मी म्हटलं बरं. पुढचे तीन कॉल मी उचललेच नाहीत.

एक मात्र कबूल करते. याच विभागात एक साधा तक्ता आहे, त्यातून मला दोन वर्षांच्या डीएनबी डिप्लोमाचं नीट कळलं (डीएनबी म्हणजे एमडी-एमएसच्या तोडीची पदवी). भूल, बालरोग, फॅमिली मेडिसिन वगैरे. प्रवेश नीट पीजीच्याच गुणांवर, आणि पुढे पीडीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा देऊन आणखी दोन वर्षांत डीएनबी. कॉलेजमध्ये साडेपाच वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं. आता माझ्या यादीत भूल वर आहे. एकवीस ॲम्प्यूलच्या त्या दुपारी श्वासनलिकेत नळी घालता येणारं कुणी जवळ असतं तर, हे डोक्यातून जात नाही.

मुदत संपली की पुन्हा घेणार आहे, पण फक्त प्रश्नपेढी. ती वेगळी घेतली तर जवळपास निम्म्यात पडते. पैसे भरताना मेंटॉरशिपच्या चौकोनात टिक आधीपासूनच असते, ती स्वतः काढावी लागते.